आरपार गेलेलं टिंब

...तर गिलावा चहात पडला, इथवर आलो होतो आपण काल, आणि तेवढ्यात तुम्हाला जांभया यायला लागल्या म्हणून मी आवरतं घेतलं. चहा मुख्याध्यापकांचा. अर्धा पिऊन झाला होता. वरून छताचा पोपडा सुटला तो बरोबर कपात, डुबुक, आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर चहाचा नकाशा उमटला. कप तसाच हातात धरून ते जिना चढून वर गेले. ऑफिसच्या बरोबर डोक्यावर पहिलीचा वर्ग. दारात उभं राहून ओरडले, "बाई, हे काय चाललंय? वर्ग आहे की दगडाची खाण?"

बाई म्हणाल्या, "वाक्य संपलं, सर. आम्ही बसलो."

ही बाई म्हणजे माझी सून. शाळेत तिला सगळे टिंबबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी. अंगानं काडी, उंचीला जेमतेम फळ्याच्या मध्यापर्यंत पोचते, पण राग म्हणाल तर अख्ख्या घराला पुरून उरेल एवढा. आणि तो आरडाओरड्याचा राग नाही हो. ओरडणारं माणूस परवडतं. हिचा आवाज रागावली की खाली खाली जातो, आणि मग ही पेन्सिली तासायला बसते. पोरांच्या पेन्सिलींचा एक डबा आहे घरात. त्यातल्या पेन्सिली बोथट असल्या की समजायचं, आठवडा सुखात चाललाय. सगळ्या सुईसारख्या टोकदार दिसल्या की माझा मुलगा गुपचूप गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतो. एकदा तर एका दिवसात झाडांना तीनदा पाणी मिळालं.

पण तिला एवढा राग कशाचा येतो ते ऐकाल तर हसाल. टिंबाचा. वाक्याच्या शेवटी असतं ना, पूर्णविराम, तुम्ही फुलस्टॉप म्हणता, तेच.

मी शिकलो गावच्या शाळेत. एक मास्तर, एक फळा, आणि पावसाळ्यात दोन्ही गळायचे. आमची अक्षरं सगळी एका रेषेला लटकलेली, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. त्यांत लहान-थोर काही नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षराचं एक मोठं रूप आणि एक धाकटं रूप असतं, आणि वाक्य सुरू करताना मोठंच वापरायचं असतं, हे मला सून घरात आली तेव्हा कळलं. मी आपला गमतीनं म्हटलं, "म्हणजे तिथंही साहेब आणि शिपाई आहेतच म्हणा की."

तशी उसळली. "बाबा, असलं काही पोरांसमोर बोलू नका हं. मोठं अक्षर साहेबाचं नसतं. जो पहिला उभा राहतो त्याचं असतं. एरवी मधे कुठंतरी चेंगरलेला एबीसीतला एखादा शेंबडा 'बी', तो जर वाक्यात पहिला आला, तर त्याला मोठं व्हायचा हक्क आहे. कुणाला विचारायचं कारण नाही त्याला."

आवडलं मला ते. मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं.

आता तिची शिकवायची तऱ्हा सांगतो, म्हणजे गिलावा का पडला ते कळेल. तिच्या वर्गात वाक्य आधी पायांनी शिकायचं, मग हातांनी. एक पोरगं पुढं यायचं. त्यानं पहिला शब्द उच्चारला की सगळा वर्ग ताडकन उभा. हे झालं मोठं अक्षर. वाक्य चालू आहे तोवर सगळ्यांनी उभं राहायचं. वाक्य संपलं की सगळ्यांनी एकदम खाली, धप्प. हे झालं टिंब. मग पेन्सिल उचलायची, तेच वाक्य इंग्रजीत कागदावर लिहायचं, टिंब द्यायचं आणि पेन्सिल खाली ठेवून मान वर करायची. पुढं आलेलं पोरगं मधेच अडकलं, तर वर्ग अर्धवट वाकलेला, ना उभा ना बसलेला, आणि सगळे ओरडणार, "अजून! अजून!"

मी विचारलं, "अगं, फळ्यावर लिहून दिलं तर नाही का चालत?"

म्हणाली, "फळ्यावर लिहिलेलं माझं असतं, बाबा. या वयाची पोरं बोलतात कशी? नळ उघडा टाकल्यासारखी. आणि मग, आणि मग, आणि मग. कुठं थांबायचं ते सांगून कळत नाही. पाय दुखले की कळतं."

एवढं बोलून माझ्याकडे असं पाहिलं, की माझी गोष्ट तेव्हा निम्म्यावर होती ती मी तिथंच सोडली.

नोकरीला लागल्यापासून तिनं पहिलीच मागून घेतली. बाकीच्या बायका पहिलीच्या नावानं पळतात. नाकं पुसायची, नाड्या बांधायच्या, सांडलेलं आवरायचं, आणि वर कौतुक कुणाचं, तर दहावीच्या मास्तरांचं. हिला दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं, वरचा वर्ग घेता का म्हणून. ही म्हणायची, "वरच्या वर्गात पोरं आधीच कुणीतरी बिघडवलेली मिळतात. मला कोरी हवीत." पहिली सोडून हिनं शाळेकडे कधी काही मागितलं नाही. खुर्ची मोडकी होती तर मोडकीवर बसली.

त्या वर्षीच्या पहिलीत एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. कारण विचारायची गरज नव्हती, बघितलं की कळायचं. ती पुढं येऊन बोलायला लागली की वर्गाचं काही खरं नसे. "माझ्याकडे लाल बूट आहेत आणि माझ्या भावाकडे नाहीत आणि तो रडतो आणि आई म्हणते रडू नको आणि बूट मला लहान होतात आणि..." वर्ग आपला उभा. कुणी या पायावरून त्या पायावर, कुणी बाकाला टेकलेलं. लिहितानाही तेच. ओळ कागदाच्या कडेपर्यंत जायची, तिथं जागा संपली की वळून खाली उतरायची, मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरते तशी. टिंब कुठंच नाही.

दुसरी एखादी असती तर तिचा हात धरून दिलं असतं एक टिंब. आमची हट्टी. "मी दिलं तर ते माझं होईल," हेच तिचं पालुपद. रोज घरी आली की भिंगरीची बातमी. आज जवळ आली होती. आज थांबली, पण मग पुन्हा 'आणि'. आमची ही, म्हणजे माझी बायको, भाजी निवडता निवडता विचारायची, "काय गं, दिलं का तुझ्या त्या पोरीनं टिंब?" जणू पोरगी परीक्षेलाच बसली होती.

आणि एके दिवशी सूनबाई दारातून आत आली ती चपला न काढता. पर्समधून कागद काढला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "बघा."

इंग्रजीत एकच वाक्य होतं, माझे बूट लाल आहेत, एवढंच. पहिलं अक्षर बाकीच्यांच्या दुप्पट उंच, जरा कललेलं. आणि शेवटी टिंब. टिंब कसलं, पोरीनं पेन्सिल एवढी दाबली होती की टोक कागदाच्या आरपार गेलं होतं. मी कागद उजेडाकडे धरला. दिव्याचा एक कण पलीकडून चमकला.

सून म्हणाली, "बोलता बोलता स्वतःच बसली, बाबा. कुणी सांगितलं नाही. बसली, आणि सगळा वर्ग तिच्यामागोमाग बसला. तिनं मागं वळून बघितलं, हे सगळे माझ्यामुळे बसले का, म्हणून."

डबाभर पेन्सिली त्या आठवड्यात बोथट होत्या.

आता रागाकडे येतो. आजही सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तर तिचं काय झालं असेल!

शाळेची इमारत जुनी. छत म्हणजे वरच्या पोरांनी जरा पाय आपटले की खाली पीठ. मुख्याध्यापकांनी संस्थेकडे अर्जावर अर्ज केले होते. शेवटी संस्थेचे एक मोठे पाहुणे शाळा बघायला येणार असं ठरलं. कोट घालणारे. त्यांना शाळा पसंत पडली तर नवं छत मिळायचं. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एकाच बाजूनं बोलतो. शाळेसाठी धावपळ करायचे. फक्त त्यांना डाग सहन व्हायचा नाही. शर्टावरचाही नाही आणि भिंतीवरचाही नाही.

वर्षाच्या शेवटी पहिलीच्या वर्गाबाहेर, व्हरांड्याच्या भिंतीवर, प्रत्येक पोराचं एक पान लावायची पद्धत होती. स्वतः लिहिलेलं, जसं असेल तसं. पाहुणे जिना चढून आले की पहिली दिसणार ती हीच भिंत. सूनबाईनं आदल्या दिवशी सगळी पानं टाचण्यांनी नीट लावली आणि घरी आली. भिंगरीचं पान मधोमध, पोराच्या डोळ्याच्या उंचीवर. भिंगरीनं म्हणे जाताना त्या टिंबावर डोळा लावून पलीकडे काय दिसतं ते बघितलं. पलीकडे भिंतच. तरी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सुनेचा फोन. आवाज एकदम खाली. मी मनात म्हटलं, झालं.

"बाबा, माझ्या कपाटात कोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे. घेऊन शाळेत या. आत्ता."

मी विचारलंही नाही कशाला. पायात चपला सरकवल्या आणि निघालो.

जिना चढून वर गेलो तर भिंत बघून पहिल्यांदा वाटलं, वा, काय सुरेख! प्रत्येक पानावर वाक्याचं पहिलं अक्षर ऐटीत उभं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी काळंभोर, गोल गोल टिंब. सगळी एकाच मापाची. एका आईची लेकरं. मग जवळ गेलो. जिथं जिथं पोरांनी धाकटं अक्षर काढलं होतं तिथं व्हाइटनरचा पांढरा लपका, आणि त्यावर दुसऱ्याच्या हातचं मोठं अक्षर. जिथं टिंब नव्हतं तिथं टिंब. जिथं होतं पण वाकडं, तिथं ते पुसून सरळ.

भिंगरी तिच्या पानासमोर उभी. भिंगरी, आणि उभी! हलत नव्हती. तिच्या टिंबाच्या जागी मागून कागदाचा तुकडा चिकटवलेला, वरून पांढरं, आणि त्यावर एक देखणं, गुळगुळीत टिंब. पोरगी त्यावरून बोट फिरवत होती. पुन्हा पुन्हा. खड्डा लागतो का म्हणून.

"बाई, माझं बुजलं," म्हणाली. "माझं कुठं गेलं?"

रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. नुसती विचारत राहिली.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. नवा शर्ट. हात मागं बांधलेले. भिंतीकडे असे बघत होते जसे आपण आपल्या हातानं रंगवलेल्या दाराकडे बघतो.

सूनबाईनं विचारलं, "सर, हे कुणी केलं?"

"मीच. शाळा सुटल्यावर बसलो. मान धरली माझी, पण म्हटलं जाऊ दे. आभाराचं राहू द्या."

"आभार?"

"बाई, पाहुणे येतायत. चुकांचं प्रदर्शन मांडायचं का त्यांच्यासमोर?"

"चुका पोरांच्या आहेत, सर. पोरांनी केल्यात. हे जे गोल गोल दिसतंय ते कुणाचं आहे? तुमच्या टिंबांचं प्रदर्शन मांडायचं असेल तर तुमच्या ऑफिसात लावा, खाली तुमचं नाव घालून. इयत्ता लिहायला विसरू नका."

मी गठ्ठा छातीशी धरून भिंतीला चिकटलो. शिपाई जिन्यावर होता, तो दोन पायऱ्या खाली उतरला.

"एवढंसं टिंब आहे, बाई! एवढंसं!" मुख्याध्यापकांनी बोटाचं पेर दाखवलं.

"एवढंसं होतं तर सोडायचं होतं ना मग."

आणि तिनं टाचण्या उपटायला सुरुवात केली. एक एक पान खाली. टाचण्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून ओठांत धरत गेली. तोंडात टाचण्या आणि डोळ्यांत अंगार, अशी बाई मी जन्मात बघितली नाही. मुख्याध्यापक मागं मागं. "बाई, भिंत रिकामी दिसेल. बाई, अर्ध्या तासात गाडी येईल. बाई, मी काय म्हणतोय?" मग त्यांचाही पारा चढला. "हे बघा, आज ही भिंत रिकामी राहिली, तर पुढच्या वर्षी पहिली तुमच्याकडे ठेवायची का याचा मला विचार करावा लागेल."

तिचा हात थांबला. मी पाहिलं. मला ठाऊक होतं, या बाईला दुसरं काही दाखवून भिवडवता येत नाही. एवढंच आहे तिच्याकडे. भिंगरी खालून दोघांकडे बघत होती.

हात पुन्हा चालू झाला. शेवटची टाचणी उपटली, सगळ्या टाचण्या ओंजळीत ओकल्यासारख्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. "बाबा, सांभाळून, टोचतील." मग कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन वर्गात गेली आणि दार अर्धं लोटलं.

पाहुणे आले. कोट, मागं मुख्याध्यापक, त्यामागं मी, कारण मला कुणी जा म्हटलं नव्हतं. भिंतीपाशी थांबले. भिंतीवर टाचण्यांच्या खुणांशिवाय काही नाही.

"इथं काय असतं?" पाहुण्यांनी विचारलं.

"काम चालू आहे," मुख्याध्यापक म्हणाले, आणि घाईघाईनं त्यांना वर्गात घेऊन गेले.

आत पोरं कागदावर वाकलेली. पाहुणे फळ्यासमोर जाऊन उभे राहिले, कोटाची कड ओढली आणि म्हणाले, "तर माझ्या छोट्या मित्रांनो..."

सगळा वर्ग ताडकन उभा.

पाहुण्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, काय ही शिस्त, काय हा मान! त्यांना काय माहीत, की पोरांच्या हिशेबी त्यांनी आत्ता नुसतं मोठं अक्षर काढलंय. आणि ते सुरू झाले. "...आज तुम्हाला पाहून मला माझं बालपण आठवतं आणि शिक्षण हे किती मोलाचं आहे हे लक्षात येतं आणि त्याचप्रमाणे आपली संस्था जी काही तळमळ बाळगून आहे आणि ज्या ज्या थोर मंडळींनी आणि तसेच..." श्वास घ्यायचे तोही 'आणि'च्या आत घ्यायचे. मी बोलका माणूस, पण हात टेकले मी. पोरं उभी. एक पाय, दुसरा पाय. कुणी बाकाला पोट टेकवलं. एक जण ढोपर चोळत होता. पाहुणे नवीन छताच्या उंबरठ्यावर येऊन पुन्हा बालपणाकडे वळले.

मुख्याध्यापक सूनबाईला डोळ्यांनी खुणावत होते, बसवा त्यांना, बसवा. ती ढिम्म. हाताची घडी घालून पोरांकडे बघत उभी. तिनं त्यांना आयुष्यात एकदाही 'बसा' म्हटलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनीच ओळखायचं होतं.

मग भिंगरी बोलली. तीच. जिच्या 'आणि'नं वर्गाचे पाय वर्षभर दुखवले होते ती.

"काका, तुमचं टिंब राहिलंय."

पाहुणे थांबले. "काय राहिलंय, बाळ?"

"टिंब. तुमचं संपतच नाहीये. तुम्ही दिलं नाही तर आम्हाला बसता येत नाही. द्या ना. अवघड नसतं. जोरात दाबायचं."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. पाहुण्यांनी तोंड उघडलं, आणि मग, का कोण जाणे, मिटलं.



वर्गानं एकमेकांकडे बघितलं. संपलं? संपलं! आणि इतका वेळ ताटकळलेली ती सगळी पोरं, पाय मोडून आलेली, अशी काही एकदम बसली, धप्प, की जमीन हलली. खालून आवाज आला. आधी कडाड, मग खळ्ळ. थोड्या वेळानं शिपाई दारात उभा, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, हातात रिकामा ट्रे. म्हणाला, "साहेब, चहा होता. वरून छत आलं."

हसू नका, पुढं ऐका. पाहुणे तसेच खाली गेले, वर तोंड करून ते खिंडार बघितलं, स्वतःच्या कोटावरची धूळ झटकली आणि तिथल्या तिथं म्हणाले, छत मंजूर. एका वाक्यात म्हणाले! गाडीत बसताना हसतही होते. आणि मुख्याध्यापकांनी आठवड्याच्या सभेत या यशाचं श्रेय कशाला दिलं माहीत आहे? टापटिपीला. पहिलीच्या भिंतीच्या टापटिपीला. कोऱ्या भिंतीला हो! मला हे कळलं तेव्हा मी काठी अशी आपटली, की आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं, काय पडलं?

त्याच दिवशी, पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली न गेली, तोच सूनबाईला ऑफिसात बोलावणं आलं. मी बाहेर बाकावर बसलो, मुठीत टाचण्या. दार उघडंच होतं; गिलावा अडकून लागत नव्हतं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटचा शब्द तिचा तिला राहील. नवं छत आलं. गुळगुळीत, पांढरं, कितीही धपाधप बसा, कण पडत नाही. त्या छतावरच्या वर्गात आता पहिलीला दुसरी बाई आहे, नवीन लागलेली, भली मुलगी आहे. माझ्या सुनेला वरच्या वर्गातली मोठी पोरं दिलीत, कुणीतरी आधीच बिघडवलेली. ती त्यांना दुरुस्त करते आणि रोज पेन्सिली तासते. डब्यात आता पेन्सिलींपेक्षा सालं जास्त आहेत. भिंगरी दुसरीत गेली. त्या दिवशी दिलेल्या कोऱ्या कागदावर तिनं तेच वाक्य पुन्हा लिहिलं, बूट लाल आहेत म्हणून, पण टिंब साधंच दिलं, जपून, हलक्या हातानं. आरपार नाही. ते बघून आमची ही म्हणाली, "अगं, छान आहे की गं." मला सुनेचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यासाठी मी त्या माणसाला माफ करणार नाही, छत कितीही पांढरं असू दे.

तर ऑफिस. मुख्याध्यापक टेबलामागं, डोक्यावर खिंडार, समोर फुटक्या कपांचा ढीग. त्यांनी पाहुण्यांचा अपमान, शाळेची अब्रू, वरिष्ठांचा मान, सगळं काढलं. ती खुर्चीवर बसून ऐकत होती. शेवटी ते म्हणाले, "एका टिंबापायी एवढा तमाशा! सरळ विचारतो. माझी माफी मागता, की पहिली सोडता?"

सूनबाई उठून उभी राहिली. ताठ. आवाज एवढा खाली, की मला मान पुढं काढावी लागली. बोलली, आणि बोलून झाल्यावर अशी बसली की टेबलावरचे फुटके कप वाजले. मी तिचा शब्द न् शब्द सांगतो, माझा एकही त्यात घालत नाही:

"पहिली तुम्ही घ्या, सर, पण घ्यायच्या आधी वर जा, त्या पोरीच्या बाकापाशी उभे राहा, आणि तिचं टिंब कुणी बुजवलं ते तिला तुमच्या तोंडानं सांगा."